मॅडम, बँकांच्या जुन्या इमारती सोडण्याआधी त्यांच्या गोष्टी लिहून घ्या

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मॅडम, १ एप्रिल २०१९ ला विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली, आणि बरोबर एक वर्षाने सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. विलीनीकरण बरोबर की चूक यावर मला आज भांडायचं नाहीये, माझं म्हणणं इमारतींबद्दल आहे. दोन बँका एक झाल्या की एकाच रस्त्यावर दोन ब्रँच कशाला म्हणून एक बंद होते, बोर्ड उतरतो, जुने लेजर गोणीत जातात, आणि त्या जागेत काय काय घडलं हे सांगणारं कोणी उरत नाही.

या तिन्ही बँका आणि चौथी कॅनरा, चारही कर्नाटकातल्या जुन्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या, समुद्राकाठच्या एका जिल्ह्यातून चार राष्ट्रीयीकृत बँका निघाल्या ही केवढी मोठी गोष्ट आहे! १९०६ साली उडुपीत हाजी अब्दुल्ला साहेबांनी पाच हजारांच्या भांडवलावर कॉर्पोरेशन बँक सुरू केली, पहिल्या दिवसअखेर जमा होते ३८ रुपये १३ आणे २ पै. त्यांचं घर आज नाण्यांचं म्युझियम आहे, ते जपलं याचा खरंच आनंद आहे. पण संस्थापकाचं घर जपलं म्हणजे बँकेची गोष्ट जपली असं होत नाही ना.

उडुपीपासून पाच-सहा किलोमीटरवर मलपे आहे, कर्नाटकातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. तिथला पैसा कसा येतो बघा, बोट लागली की लिलाव, हातात रोकड, दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं आलं तर काहीच नाही, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच. अशा माणसाला महिन्याला ठरावीक रक्कम भरा सांगून काय उपयोग? सिंडिकेट बँक १९२५ ला उडुपीतच निघाली आणि १९२८ मध्ये त्यांनी पिग्मी आणली, एजंट रोज दारात येणार, दोन आणे दिले तरी घेणार. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्था आज जी पिग्मी चालवतात ती तिथली. टोपली घेऊन मासे विकणारी बाई बँकेची पायरी चढायला बिचकते, म्हणून बँकच तिच्याकडे चालत गेली, माझ्या मते भारतीय बँकिंगमधली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे. आणि ती ज्यांनी पायांनी चालवली त्या एजंटांना कामगार म्हणून मान्यता मिळायला सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल यावा लागला.

त्या एजंटांपैकी जे आज म्हातारे आहेत त्यांच्याकडे सगळं आहे. कुठल्या घरी लग्नासाठी पैसे साठत होते, कोणाची बोट बुडाल्यावर कार्ड अर्धवट राहिलं, संध्याकाळी हिशोब द्यायला कुठल्या खिडकीपाशी रांग लागायची. हे कुठल्याच वार्षिक अहवालात नसतं, माणूस गेला की संपलं.

म्हणून विनंती अशी की सरकारी बँकेने किनाऱ्यावरची कुठलीही जुनी ब्रँच सोडण्याआधी आतून-बाहेरून फोटो घ्यावेत, ग्राहकांची खाजगी माहिती सांभाळून जुनी लेजर आणि पिग्मी कार्डं जवळच्या विद्यापीठाकडे किंवा त्या उडुपीच्या म्युझियमकडे द्यावीत, निवृत्त एजंट, शिपाई, कॅशियर आणि बंदरावरच्या जुन्या खातेदार बायका यांच्या मुलाखती त्यांच्याच तुळू-कोकणीत रेकॉर्ड कराव्यात. भिंतीवर एक पाटी लावावी, इथे अमुक बँक अमुक साली होती, मग आत उद्या मोबाईलचं दुकान आलं तरी चालेल. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बंदरांतल्या ब्रँचनाही हेच लागू करा.

याला फार खर्च नाही मॅडम. ब्रँच बंद करायच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, "इमारतीची नोंद झाली का?", आणि तो भरल्याशिवाय चावी परत करता येणार नाही असं सर्क्युलर काढा.

आपला नम्र,
सरकारी बँकेचा एक जुना खातेदार