शेजारच्या काकांना, रेडिएटरमधल्या हवेबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहून काढते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. थंडी पडली की कितीतरी घरांत हीच रड सुरू होते: बॉयलर चालू आहे, बिल वाढतंय, आणि खोली काही तापत नाही. (बॉयलर पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो, आणि खोलीखोलीत भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर त्या पाण्याची ऊब खोलीला देतात.) तुम्ही मला जे शिकवलंत ते त्या सगळ्यांच्याही कामाचं आहे. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे.

आमच्याकडे वरच्या मजल्यावर आईच्या खोलीत रेडिएटर होता तो नावालाच होता. बाकीच्या खोल्या ठीक तापत होत्या. रात्री पाइपांतून गुळगुळ आवाज यायचा, आईची झोप मोडायची. मी थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवायचं बटण, वाढवत राहायचे, त्याने खालच्या खोल्यांत घाम फुटायचा आणि वर आईची शाल तशीच. एका मेकॅनिकला फोन केला तर त्याने न बघताच नवा रेडिएटर बसवायचा सल्ला दिला आणि खर्चाचा आकडाही सांगून टाकला.

तुम्ही आलात ते रिकाम्या हाताने. मला वाटलं होतं पाने, पकड, काहीतरी घेऊन याल. तुम्ही रेडिएटरसमोर बसलात आणि मलाच म्हणालात, "हात लाव. आधी वर, मग मधे, मग खाली. कुठे काय लागतं ते सांग." वरचा भाग गार होता, खालचा चांगला गरम. "मग एअर धरली आहे याने. नवीन कशाला घेतेस?"

काका, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या हात लावण्याबद्दल. हवा काढायची चावी फिरवायला कुणीही दाखवलं असतं. पण चावी फिरवायची की नाही हे आधी ठरवायचं असतं, आणि ते रेडिएटरच सांगतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा आहे. उलट असेल, म्हणजे वर गरम आणि खाली, विशेषतः मधोमध गार, तर तळाला गाळ बसला आहे, आणि मग कितीही हवा काढायला गेलं तरी उपयोग नाही, तो रेडिएटर धुवावा लागतो. एकच रेडिएटर वरपासून खालपर्यंत गार असेल तर व्हॉल्व्हकडे बघायचं. बाजूला आकडे असलेला जो गोल थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो, त्याच्या टोपीखाली एक बारीक पिन असते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला की ती दबलेलीच अडकून बसते. आणि घरातले सगळेच गार असतील तर रेडिएटरांचा काही दोष नाही, बॉयलर, पंप किंवा प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, तपासायचं. तुम्ही हे सगळं दहा-बारा वाक्यांत सांगितलंत. तुमचं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, तिथे लांबलचक बोलायला वेळ नसावा.

मला मात्र प्रश्न विचारायची खोड आहे. थोडीशी हवा साठली तर एवढं काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, उष्णता पाण्यातून येते, आणि हवा पाण्याची जागा अडवते. नंतर मी हिशोब करून पाहिला. तितक्याच आकारमानाचं पाणी तितक्याच अंशांनी थंड होताना हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता देतं. म्हणजे रेडिएटरच्या वरच्या चतुर्थांशात हवा असेल तर तेवढं लोखंड जवळपास शोभेचं. बरं, आमच्यासारख्या रेडिएटरांना पाणी आणणारा आणि नेणारा असे दोन्ही पाइप खालूनच जोडलेले असतात. पाणी खालून येतं, खालून जातं. वर अडकलेल्या हवेला बाहेरची वाटच नाही. पंप तिला ढकलू शकत नाही.

दुसरा प्रश्न असा की सगळं बंद आहे, मग हवा शिरते कुठून? यावर तुम्ही हसला होतात. पातेल्यात पाणी तापवत ठेवलं की उकळायच्या बऱ्याच आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, ती पाण्यात विरघळलेली हवाच. गार पाण्यात ती जास्त मावते, गरम पाण्यात कमी. 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात हवेतला साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 60 अंशांना तो 5 मिलिग्रॅमच्याही खाली येतो. नायट्रोजनचंही तसंच. नळाचं ताजं पाणी आत भरलं आणि तापवलं की ही हवा सुटते आणि उंच जागा शोधते. वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांनाच जास्त त्रास का, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि दरवेळी ती हवाच असते असंही नाही, हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाला गंजवून संपतो. त्यानंतरही लोखंड आणि पाणी यांचं हळूहळू चालूच राहतं, त्यातून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा गंज, तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. तो काळा चिखल तळाला बसतो, हायड्रोजन वर जमतो. म्हणून तुम्ही बजावलंत की हवा काढताना जवळ काडी, लायटर, मेणबत्ती काही नको.

प्रत्यक्ष हवा काढायचं काम त्यामानाने किरकोळ निघालं. तुम्ही खुर्चीवर बसून सांगत होतात आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत. आधी हीटिंग बंद. पंप चालू असताना हवा काढायचा स्क्रू उघडला तर काही ठिकाणी हवा बाहेर पडायच्या ऐवजी आतच ओढली जाते, शिवाय पाणी पोळण्याइतकं गरम असतं. रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. त्याचे पाण्याचे व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडे ठेवायचे. मग वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या छोट्या चौकोनी तोंडाला चावी लावायची (काहींना साधा स्क्रूड्रायव्हर चालतो), खाली वाटी, हातात जुनं फडकं, आणि घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. जास्तीत जास्त अर्धा. फुस्स असा आवाज येतो आणि येतच राहतो. मधे थोडं पाणी थुंकतो, परत फुसफुसतो. बुडबुडे न येता पाण्याची सलग धार लागली की चावी उलटी फिरवून बंद. बंद करताना जोर लावायचा नाही, तो पितळेचा लहानसा स्क्रू आहे.

इथे तुम्ही एकदाच आवाज चढवलात: "तो स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही!" आत दाबाखालचं पाणी असतं. स्क्रू हातात आला तर ते पाणी थांबवत परत बसवणं कठीण, आणि ते पाणी काळंकुट्ट. गालिच्यावर पडलेला तो डाग जात नाही. वाटीतलं पाणी बघितल्यावर मला ते पटलं.

घरभर करायचं असेल तर खालच्या मजल्यापासून सुरुवात करायची, वरचा मजला शेवटी.

माझ्या मते तुमच्या शिकवणीतला सगळ्यात मोलाचा भाग याच्या पुढचा होता, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. हवा बाहेर गेली म्हणजे आतलं प्रेशर उतरलं. तुम्ही मला सरळ बॉयलरपाशी नेलंत आणि गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, वाचायला लावलंत. पाणी गार असताना काटा 1 ते 1.5 बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) दरम्यान हवा. आमचा खाली आला होता. मग नळाचं पाणी आत भरायची नळी, तिचे दोन्ही कॉक हळूहळू उघडून काटा वर आणायचा, आणि दोन्ही नीट बंद करायचे. नीट म्हणजे नीट. एखादा किंचित उघडा राहिला तर प्रेशर चढत जातं, आणि 3 बारच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह सुटून पाणी बाहेर फेकलं जातं. उलट प्रेशर फारच उतरलं तर बरेच बॉयलर आपणहून बंद पडतात. लोक हवा काढतात, गेजकडे बघत नाहीत, सकाळी घर गार पडतं आणि मग म्हणतात हवा काढली म्हणून बॉयलर गेला. हीटिंग पुन्हा चालू करून सगळं तापल्यावर काटा थोडा वर जातो, ते ठीकच आहे, पाणी प्रसरण पावतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते, कारण काकांनी मलाही सांगितलं होतं. सगळ्यांकडची व्यवस्था अशी नसते. जिथे माळ्यावर छोटी टाकी असते तिथे पाणी आपोआप भरलं जातं, गेज शोधत बसू नका. वाफेवर चालणारे जुने रेडिएटर वेगळे, त्यांना चावी लावायची नाही. आणि विजेवर चालणारे, आत तेल भरलेले, चाकांवरचे रेडिएटर कायमचे सीलबंद असतात, त्यात हवा काढायचं काही नसतं.

त्या संध्याकाळी आईची खोली तापली. काका, ती तुम्हाला आशीर्वाद देते आहे, तुम्ही तिच्याहून मोठे असलात तरी.

तरी जाताना तुम्ही म्हणालात, बॉयलरच्या कपाटात एक कागद चिकटव. कधी हवा काढली, कधी पाणी भरलं, काटा कुठे होता, एवढंच लिहीत जा. हंगामाच्या सुरुवातीला एकदा हवा निघाली तर त्यात विशेष नाही. दर पंधरा दिवसांनी निघायला लागली तर हवा काढत बसू नकोस, कारण शोध. तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं. पण कागदावर तीन-चार ओळी झाल्यावर स्पष्ट दिसायला लागलं की प्रेशर पुन्हा पुन्हा उतरतं आहे, मी पुन्हा पुन्हा ताजं पाणी भरते आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताजा ऑक्सिजन आत सोडते आहे, आणि पुन्हा हवा, पुन्हा गंज. मेकॅनिकला बोलावलं, यावेळी दुसऱ्या. त्याने आधी कागदच वाचला. मग रेडिएटरांकडे न जाता सगळे सांधे तपासत गेला, आणि जिन्याखालच्या एका सांध्यातून पाणी अगदी बारीक झिरपत होतं ते त्याला सापडलं. तापलेल्या पाइपवर ते लगेच वाळायचं, म्हणून जमिनीवर थेंब कधी दिसलाच नाही, फक्त पांढरट-हिरवट खार धरला होता. त्याने सांधा बदलला आणि पाण्यात गंजरोधक इनहिबिटर घातलं. तेव्हापासून गार असताना काटा 1.2 वर उभा आहे आणि मी नळीला हात लावलेला नाही.

परवा काकू म्हणत होत्या की तुमच्याही वरच्या खोलीत गुळगुळ सुरू झाली आहे आणि तुम्हाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मी रविवारी सकाळी येते. तासभर आधी हीटिंग बंद करून ठेवा. वर मी बघते, तुम्ही खाली गेजपाशी बसा आणि काटा उतरायला लागला की हाक मारा.

तुमची,
शेजारची