मंजे, फ्रेंच मराठीतून शीक

तुलूझ (फ्रान्स), 18 जानेवारी

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. सप्टेंबरात तू इकडे येणार, तेही चांगली दोन वर्षं, हे वाचून मी उडालेच. पण शेवटच्या पानावरचं तुझं रडगाणं वाचून तुला एक धपाटा घालावासा वाटला. म्हणे, "खुर्ची स्त्रीलिंगी आणि सोफा पुल्लिंगी, ह्याला काही अर्थ आहे का? डोकं उठलंय, क्लास सोडावा म्हणते." अगं बाई, मराठीत खुर्ची 'ती' आणि सोफा 'तो'च आहे ना? मग जन्मभर कुठे उठलं होतं डोकं?

तुझी अडचण फ्रेंच नाही, इंग्रजी आहे. पुस्तक इंग्रजीतलं, बाई शिकवतात इंग्रजीतून, वहीत अर्थ लिहितेस इंग्रजीत. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, तू-तुम्ही नाही, 'गेला-गेली' नाही. म्हणजे जे आपल्याला आयतं येतं ते आधी विसरायचं आणि मग फ्रेंचमध्ये नव्याने घोकायचं. हा द्राविडी प्राणायाम सांगितलाय कुणी?

लिंगाचंच बघ. रिक्षा आली, टेम्पो आला, विमान आलं. हे तुला कुणी शिकवलं? बाहेरून आलेला शब्दसुद्धा आपण बिनदिक्कत कुठल्यातरी लिंगात बसवतो. तीन लिंगं सांभाळणारी तू, आणि ह्यांची तर दोनच! फक्त ती आपल्याशी जुळतील असं धरून चालू नकोस. सूर्य दोन्हीकडे 'तो' आहे, पण चंद्र इथे 'ती' आहे. टेबलसुद्धा 'ती'. म्हणून शब्द एकटा पाठ करायचाच नाही. आधी पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच तोंडात बसवायचा. शेवटावरूनही बराच अंदाज येतो. 'नास्यों'सारखे (राष्ट्र) 'स्यों'ने संपणारे आणि 'लिबेर्ते'सारखे (स्वातंत्र्य) 'ते'ने संपणारे भाववाचक शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. 'आझ'ने संपणारे पुल्लिंगी, जसं 'फ्रोमाझ' म्हणजे चीज. पण 'प्लाझ', म्हणजे समुद्रकिनारा, हा मात्र स्त्रीलिंगी. असे चुकार शब्द असणारच, आपल्याकडे काय कमी आहेत?

आता भूतकाळ. तुला ती पंधरा-सोळा क्रियापदांची यादी घोकायला दिली असेल, ज्यांना भूतकाळात 'आव्हुआर' (जवळ असणं) ह्या मदतनीस क्रियापदाऐवजी 'एत्र' (असणं) लागतं. यादी बाजूला ठेव आणि 'मी आले, मी गेले, मी निघाले, मी पोचले' म्हणून बघ. आपल्या ह्या क्रियापदांना कर्त्याचं लिंग लागतं ना? फ्रेंचमध्येही तेच. 'झ स्वी व्हन्यु' म्हणजे मी आले. बोलताना बाई-पुरुष एकच ऐकू येतं, लिहिताना मात्र बाईने शेवटी एक 'ए' (e) जोडायचा. बसले, झोपायला गेले, उठले, ह्यांनाही 'एत्र'च लागतं, कारण तिथे फ्रेंच माणूस 'स्वतःला बसवतो'. चालले, धावले, हसले मात्र ह्या नियमाला दाद देत नाहीत, तेवढी लक्षात ठेव.

ह्याहून गंमत पुढे आहे. आपण 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्याच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये 'आव्हुआर' असताना तसंच होतं, पण कर्म आधी आलं तरच. 'मी सफरचंद खाल्लं' ह्यात काही नाही. 'मी खाल्लेलं सफरचंद' म्हटलं की खाण्याला सफरचंदाचं लिंग चिकटतं, आणि इथे सफरचंद 'ती' आहे. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनचं बघून हा नियम रुजवला असं सांगतात. आज इथली शाळकरी पोरंच काय, त्यांचे आईबापही तो लिहिताना अडखळतात. माझ्या ऑफिसातली एकजण मेल पाठवायच्या आधी हा एकच प्रकार तपासायला शेजारच्याला बोलावते. तुला तो पहिल्या फटक्यात कळेल बघ.

तू-तुम्हीचं तर सांगायलाच नको. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'त्यु' आणि 'व्हू'वर अख्खा धडा लागतो. आपण अरेतुरे करतो किंवा अहोजाहो करतो, ह्यांच्याकडे तर दोन्हीला स्वतंत्र क्रियापदं आहेत. दुकानदार, डॉक्टर, घरमालक, जिन्यात भेटणाऱ्या आजी, सगळ्यांना 'व्हू'. ऑफिसात बहुतेक पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, "ओं स त्युत्वा?" म्हणजे, अरेतुरे करूया का? हो म्हणून मोकळी हो. एक फरक आहे. आपण आईला 'तू' आणि वडिलांना 'अहो बाबा' म्हणत वाढलो. इथे घरात सरसकट 'त्यु'च, सासऱ्यांनासुद्धा बहुतेक ठिकाणी.

भूक लागली की हे 'माझ्याकडे भूक आहे' म्हणतात: 'झे फँ'. तहान, थंडी, झोप, उकाडा, इतकंच काय वयसुद्धा ह्यांच्या'कडे' असतं. इंग्रजीवरून 'झ स्वी शोद' म्हणून 'मला उकडतंय' सांगायला जाशील तर समोरचा गालातल्या गालात हसेल. का ते मी कागदावर लिहिणार नाही.

आता जिथे मराठी कामाला येत नाही ते सांगते, कारण खरी मेहनत तिथेच आहे. पहिलं म्हणजे आकडे. 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-वीस, 97 म्हणजे चार-वीस-सतरा. विसाच्या हिशोबाची ही जुनी सवय आहे. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने 300 अंधांसाठी आश्रम काढला, त्याचं नाव 'कँझ-व्हँ', पंधरा-वीस. आजही त्या नावाचं डोळ्यांचं हॉस्पिटल तिथे आहे. इथे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. औषधाच्या दुकानात बाई म्हणते 'स्वासाँत' (साठ), तू 6 लिहितेस, तेवढ्यात ती म्हणते 'दीझ-वीत' (अठरा), आणि त्या 68 का 78 च्या घोळात ती पुढच्या जोडीवर पोचलेली असते. उपाय एकच: जोडी पुरी होईपर्यंत पेन टेकवायचं नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाल्यांनी 70 आणि 90 साठी सरळ शब्द ठेवलेत, पण फ्रेंच माणूस ते घेणार नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे काय गदारोळ झाला होता, आठव. एकोणऐंशी आणि त्र्याण्णव म्हणणाऱ्यांनी ह्यांना हसू नये.

दुसरं, कान. लिहितात एक, बोलतात दुसरंच. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा' आहे, रस्त्यावर ते 'शे पा' होतं. नकारातला 'न' बोलताना गळतोच. 'आम्ही'साठी 'नू' शिकवतात, पण सगळे बोलतात 'ओं'. त्यामुळे क्लासच्या ऑडिओवर विसंबू नकोस, रोज थोडा वेळ फ्रेंच रेडिओ लाव. कळो न कळो, पोळ्या लाटताना चालू दे. एक स्वर मात्र आरशासमोर घटवावा लागतो: आत 'ई' म्हणायचं आणि ओठ 'ऊ'चे करायचे. तो जमला नाही तर 'वरचा शेजारी' आणि 'खालचा शेजारी' ह्यांत फरक उरत नाही, आणि रात्री अकराला कोण फर्निचर सरकवतंय हे घरमालकाला सांगायचं असतं तेव्हा तो लागतो.

आमच्या तुलूझचं एक सुख आहे. दक्षिणेकडची माणसं शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळत नाहीत आणि अनुनासिकाच्या शेपटीला हलकासा 'ङ' लावतात. पॅरिसवाले त्याला हसतात, पण आपल्या कानाला शब्द सुटा सुटा पोचतो. इथे प्लास्टिकच्या पिशवीला 'पॉश' म्हणतात, आणि चॉकलेट भरलेल्या त्या पावाला 'शोकोलातीन'. पॅरिसचं 'पँ ओ शोकोला' इथे मागितलंस तर मिळेल, पण भुवई उंचावेल.

आणि बोंझूर, म्हणजे नमस्कार. ह्यात हयगय नको. बेकरीत शिरताना, बसमध्ये ड्रायव्हरला, दवाखान्यात बाहेर बसलेल्या सगळ्यांना मिळून. आधी बोंझूर, मग काम. ते न म्हणता थेट "एक बागेत (म्हणजे तो लांब पाव) द्या" म्हटलंस तर बाई थंडपणे "बोंझूर" म्हणून तुला परत पहिल्या पायरीवर नेते. मग 'यून बागेत, सिल व्हू प्ले', म्हणजे एक बागेत, प्लीज. ती विचारते, 'आव्हेक सेसी?', आणखी काही? तू म्हण, 'स स्रा तू, मेर्सी', एवढंच, धन्यवाद. निघताना ती 'बॉन झुर्ने' (दिवस चांगला जावो) म्हणते, तू 'व्हू ओसी' (तुमचाही) म्हण. एवढ्या पाच वाक्यांवर माझा पहिला महिना निभावला. ह्यांच्याकडे शुभेच्छा तर प्रत्येक गोष्टीला आहे. जेवणाला, संध्याकाळला, सोमवारी अख्ख्या आठवड्याला. काम करत बसलेल्याला 'बों कुराझ', म्हणजे हिंमत ठेव. 'बॉन न्वी' (शुभ रात्री) मात्र झोपायला जाणाऱ्यालाच म्हणायचं, संध्याकाळी दुकानातून निघताना नाही.

तर क्लास सोडू नकोस, फक्त वहीतला इंग्रजी रकाना काढून टाक आणि तिथे मराठी लिही. व्हिसाच्या कागदांचं तू विचारलंयस ते सविस्तर फोनवर बोलू, रविवारी दुपारी तुझ्याकडे साडेतीननंतर मी मोकळी असेन. आईला नमस्कार सांग, आणि पुढचं पत्र निदान अर्धं पान फ्रेंचमध्ये पाहिजे. 'मी आले' लिहिताना तो 'ए' जोडलास की नाही ते मी बघणार आहे.

तुझीच,
वैशू