परत आलेले चाळीस बुश

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

ताईकडे पुण्यात बरं वाटतंय ना? बडोद्यात ऊन भाजून काढतंय. दुपारी मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही. बाबा, या उन्हापायीच आपले ४० बुश (आई, म्हणजे पोलादाची नळकांडी) परत आले. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

बाहेरचा व्यास ८० मिलीमीटर, पार्टीकडे तो मिलीमीटरच्या दोन शतांशांनी कमी भरला. आपल्याकडे मात्र सगळे पास! आधी मायक्रोमीटरवर संशय घेतला, कॅलिब्रेशनला पाठवला, तो ठीक निघाला. मग लेथवरच्या काकांवर आवाज चढवला. (माफी मागितली आहे, काळजी नसावी.) शेवटी चुकीची कारणं शोधायचा इशिकावांचा माशाचा सांगाडा खडूने भिंतीवर काढला: माणूस, मशीन, माल, पद्धत, मापन, वातावरण. वातावरणापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. काकाच म्हणाले, "भाई, परत आलेले सगळे नंबर जेवणानंतरचे आहेत. सकाळचा एकही नाही."

पोलाद दर अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन (मिलीमीटरचे हजारांश) फुगतं, आणि जगभर मापं २० अंशांवरची धरतात. आम्ही जॉब लेथवरून काढून गरमागरमच मोजत होतो. पार्टीच्या एसी खोलीत तो २५ अंशांनी निवला की दोन शतांश गेलेच. आई, चकली गार होईपर्यंत तू आम्हाला डब्याला हात लावू देत नसायचीस, ते आठवलं.

बाबा, गुणवत्तेच्या त्या आयएसओ ९००१ च्या फायलींना तुम्ही रद्दी म्हणता. त्यातली अर्धी आहेही. पण प्रत्येक बुशवर नंबर ठोकायची सवय त्यांच्यामुळेच लागली, नाहीतर सकाळचा माल कोणता नि दुपारचा कोणता, हे काकांनाही सांगता आलं नसतं.

आता जॉब आणि त्याच मापाचा मास्टर (अचूक मापाचा नमुना), दोन्ही दहा मिनिटं कूलंटमध्ये बुडवून ठेवतो आणि एकमेकांशी ताडून बघतो. दोन्ही सारखेच फुगलेले असतात, त्यामुळे शेड कितीही तापो. कल्पना काकांची. नव्या सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) कोटेशन मी फाडलेलं नाही, पण कपाटात ठेवलंय.

आई, पितळेची मोठी परात आल्यावर घरात शोधू नकोस. ती लेथशेजारी आहे, कूलंटने भरलेली. तुला दुसरी आणतो.

तुमचा,
धाकटा