दोरी

स्टॉकहोम, १६ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. व्हिडिओ कॉलवर आईचं फक्त कपाळ दिसतं आणि बाबा मागून "आवाज येतोय का गं?" विचारत राहतात. मला जे सांगायचंय ते त्या गोंधळात सांगता येणार नाही. शिवाय बाबा पत्रं तारेला ओवून ठेवतात. व्हॉट्सॲपचं काय, मोबाईल भरला की आई सगळं उडवून टाकते.

दिवाळीच्या फोनवर ताईच्या तोंडून निसटलं. "मामांना स्टेंट टाकल्यापासून मामी मीठ मोजून घालतात..." आणि मग तीच गप्प झाली. म्हणजे जूनमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली, दोन दिवस आयसीयूत होते, आणि मला काय सांगितलंत, तर "जरा पित्त झालंय, बाहेरचं खाल्लं असेल." त्या आठवड्यात मी रोज फोन करून कोकम सरबत घ्या, सुंठ घ्या असं सांगत होते. हसू आलं असेल ना तुम्हाला? की रडू?

आठवडाभर मी धुमसत होते. आईच्या लक्षात आलंच होतं, "आवाज का असा?" म्हणून दोनदा विचारलंस. कामाचा ताण आहे म्हटलं. भांडायचंच म्हणून एकदा फोन उचललाही, आणि समोर फ्रिजवर लावलेला तो फोटो दिसला, आई, तू मार्चमध्ये पाठवलेला. देवापुढे कंदी पेढ्यांचा पुडा. खाली लिहिलंस, "लेकीनं ९० किलोमीटर बर्फ तुडवला, आख्ख्या गल्लीला वाटले." फोन तसाच खाली ठेवला.

आई, मी ९० किलोमीटर गेले नाही. ४७ गेले.

आता नीट सांगते. ही वासालोप्पेत शर्यत १९२२ पासून चालू आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला सेलनहून सुटायचं आणि पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून बर्फावरून जंगलातून मूरा गावापर्यंत जायचं. पंधरा हजारांवर माणसं एका वेळी सुटतात. सुटल्या सुटल्या तीनेक किलोमीटरचा चढ. तिथे पळणं-बिळणं काही नसतं, पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग असते तसं नुसतं उभं राहायचं आणि पुढचा हलला की हलायचं. मी सगळ्यात शेवटच्या गटात होते.

घोळ झाला तो मेणाचा. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या मधल्या भागाला खालून मेण चोळतात, त्याला इथे 'वल्ला' म्हणतात. थंडी किती, बर्फ नवा की जुना, यावर कुठलं मेण ते ठरतं. आदल्या रात्री गोठवणारी थंडी होती म्हणून मी कडक मेण लावलं. सकाळी हवा उबली, बर्फ ओलसर झाला आणि ते मेण धरेना. पाय रेटला की स्की मागे. तुमचे जावई म्हणाले होते, सोबत दुसरी डबी ठेव. नाही ठेवली. मग काय, दोन्ही काठ्या रोवून नुसत्या हातांनी अंग पुढे ओढत राहिले. चोवीस किलोमीटरला मोंग्सबूदार्नाला पोचेपर्यंत खांदे भरून आले. पस्तिसाव्याला, रीसबेर्यला, एका आजीबाईंनी गरम ब्लूबेरी सूप दिलं. ते प्यालं की जांभळं खाल्ल्यासारखी जीभ रंगते. पेला माझ्या हातात ठरेना, तर बाईंनी स्वतःच्या हातांनी तोंडाला लावला. तेव्हा तुझी आठवण आली हे काही वेगळं सांगायला नको.

एव्हर्ट्सबेर्यला (लिहितात 'बर्ग', पण शेवटच्या 'ग'चा हे लोक 'य' करतात) वेळ संपली की वाटेवर दोरी आडवी धरतात. मी पोचले तेव्हा दोरी लागली होती. माझ्या पुढचा माणूस अलीकडेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी नाही रडले. बसमध्ये बसवलं, बसनं मूराला नेलं. तिथे शेवटच्या कमानीवर लिहिलेलं असतं : वडिलांच्या वाटेनं, उद्याच्या विजयांसाठी. नाव वडिलांचं असणारच, १९२४ ते १९८१ बायकांना या शर्यतीत उतरूच देत नव्हते! तर ती कमान मी बाजूनं पाहिली. खालून गेले नाही.

आणि तेवढ्यात तुमचा फोन. मागे गर्दीचा गलका होता. बाबांनी विचारलं, "पोचलीस का?" मी म्हटलं, "पोचले." खोटं नव्हतं ते. मूराला पोचलेच होते! मग तू म्हणालीस, "झाली का सगळी?" त्याला मात्र "हो" म्हटलं. तुला रात्रभर झोप लागली नसती, हे माझं कारण. तुमचंही जूनमध्ये हेच कारण असणार. त्यामुळे भांडण मी मागे घेतलंय. पण पेढ्यांचं ओझं आठ महिने वागवतेय.

इथे रुळले असं मी फोनवर म्हणते ते खरंच आहे. हा पाचवा हिवाळा. पहिल्या डिसेंबरमध्ये दुपारी तीनच्या आत दिवस मावळायचा तेव्हा खिडकीशी बसून वाटायचं, काय करून बसलो आपण. ऑफिसातल्या एकीनं ओढून बर्फावर नेलं म्हणून तरले. आता अंधाराचं काही वाटत नाही. तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीची वेळ आपली असताना दुसऱ्यानं मशीन लावलं तर राग येतो, म्हणजे पुरती इथली झालेय.

तरी घर म्हणून डोळ्यांसमोर येतं ते गेल्या वर्षीचा जून, तुम्ही आला होतात तो. आईनं बाल्कनीत साडी अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि रात्री साडेआठला उन्हात उलटवत बसली. शेजारचे आजोबा आपल्या बाल्कनीतून बघत होते, मग त्यांनाही दोन तळून दिल्या. आणि बाबा, तुम्ही दहा वाजता खिडकीत उभे राहून, "अहो, हा मावळणार कधी आणि मी संध्या कधी करायची?"

तर या वेळी मेमध्ये या, जुलैअखेर जा. नव्वद दिवसांच्या आत बसतं. जुलैत वान्सब्रूला नदीत तीन किलोमीटर पोहायची शर्यत असते, माझं नाव घातलंय. आधी दोन किलोमीटर प्रवाहाबरोबर, मग दुसऱ्या नदीत वळून एक किलोमीटर उलट. बाबा, माहुलीला संगमावर पाठीला डबा बांधून मला ढकलून दिलं होतंत, आणि ओरडत होतात, "पाण्याशी भांडू नको, कडेनं ये!" तेच काठावरून ओरडायला माणूस हवंय. मार्चमध्ये पुन्हा सेलनला जाणारच आहे, पण त्या थंडीत तुम्ही नको. दोरी लागली तर त्याच संध्याकाळी सांगेन. पेढे तोवर आणू नकोस.

व्हिसासाठी विमा लागतो, त्यात हृदयाचं लपवायचं नाही. विमान प्रवासाचं डॉक्टरांना आधी विचारा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. गोळ्यांची नावं ठळक अक्षरांत लिहून काढा, "ती पांढरी, सकाळची" असं नको. आणि आई, तूप आणू नकोस. दूधदुभतं युरोपात आणू देत नाहीत. गेल्या वेळी विमानतळावर त्या माणसानं बरणी टाकली तेव्हा तुझा चेहरा बघवला नव्हता. मेतकूट आण, कितीही.

तुमची,
धाकटी

ता. क. ताईला रागावू नका.