गोलकीपर चांगला प्रशिक्षक होत नाही, हे पटलं नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर फुटबॉलच्या नामवंत प्रशिक्षकांवरचा लेख वाचला. लेख आवडला, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. गोलकीपर सहसा मोठे प्रशिक्षक होत नाहीत, कारण खेळाच्या धावपळीपासून ते लांब असतात, असं लेखकानं लिहिलं आहे. मी कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघाकडून आठ हंगाम गोलमध्ये उभा राहिलो. आता रोज सकाळी मैदानावर मुलांना शिकवतो. त्यामुळे गप्प बसवेना. लेखात इटलीचे गोलकीपर आणि पुढे प्रशिक्षक झालेले दिनो झॉफ यांचं नावही नाही, याचं तर जास्तच वाईट वाटलं.

झॉफ १९४२ साली इटलीच्या फ्रिउली भागातल्या मारियानो या लहानशा गावात जन्मले. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी त्यांना उंची कमी म्हणून परत पाठवलं. मग त्यांच्या आजीनं त्यांना रोज अंडी खायला घालण्याचा सपाटा लावला आणि पुढच्या पाच वर्षांत पोरगा ३३ सेंटिमीटर वाढला! ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. आमच्याकडेही पैलवानाचा खुराक घरची आजीच बघते, त्यामुळे त्यांना ती लगेच कळते. दरम्यान झॉफ मोटार मेकॅनिकचं कामही शिकले होते. १९६१ मध्ये उदिनेसेकडून पहिल्या श्रेणीतला पहिला सामना खेळले, त्यात पाच गोल खाल्ले. तिथून मांतोवा, मग नापोली आणि १९७२ मध्ये, म्हणजे तिशीत, ज्यांनी नाकारलं होतं त्या युव्हेंटसमध्ये. तिथं ११ हंगामांत सहा वेळा लीग जिंकली आणि लीगचा एकही सामना चुकवला नाही. सलग ३३० सामने. ज्यानं गोलमध्ये उड्या मारून कोपरं-गुडघे फोडून घेतले आहेत, त्यालाच या आकड्याची किंमत कळेल.

१९७२ ते १९७४ या काळात इटलीसाठी १,१४२ मिनिटं त्यांनी गोल होऊ दिला नाही. ती मालिका हैतीच्या सानोननं विश्वचषकात गोल मारून संपवली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९७८. अर्जेंटिनातल्या त्या विश्वचषकात हॉलंड आणि ब्राझीलनं त्यांच्यावर लांबून गोल मारले आणि इटलीतल्या वर्तमानपत्रांनी त्यांना म्हातारा ठरवून टाकलं. वय ३६. दुसरा कुणी असता तर हातमोजे खुंटीला टांगले असते. झॉफ चार वर्षांनी स्पेनला कर्णधार म्हणून गेले.

५ जुलै १९८२, बार्सिलोना. ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ नं पुढे, शेवटची मिनिटं, आणि ऑस्करचा हेडर थेट गोलच्या कोपऱ्याकडे. झॉफ झेपावले आणि चेंडू रेषेवरच दाबून धरला. ढकलला नाही, धरला. सुटला असता तर समोर उभ्या असलेल्या ब्राझीलच्या खेळाडूनं आत ढकलला असता. हा बचाव मी मुलांना मोबाइलवर कितीदा दाखवला असेल, मोजदाद नाही. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये ४० वर्षांच्या या माणसानं विश्वचषक उचलला. त्या स्पर्धेत इटलीच्या खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणं बंद केलं होतं आणि संघातर्फे बोलायची जबाबदारी पडली ती मुळातच कमी बोलणाऱ्या झॉफवर.

आता मुद्द्याकडे येतो. १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते गोलकीपरना शिकवू लागले, मग इटलीचा ऑलिंपिक संघ सोल ऑलिंपिकसाठी पात्र ठरवला आणि १९८८ मध्ये युव्हेंटसचे प्रशिक्षक झाले. सहायक म्हणून सोबत होते गाएतानो शिरेआ, अनेक वर्षं त्यांच्या पुढ्यात बचाव सांभाळलेले आणि त्यांचे जिवलग मित्र. सप्टेंबर १९८९ मध्ये यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेतल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाहायला शिरेआ पोलंडला गेले आणि तिथं मोटार अपघातात गेले. त्याच हंगामात झॉफ यांनी साक्की प्रशिक्षक असलेल्या मिलानला हरवून इटालियन चषक आणि फिओरेंटिनाला हरवून यूएफा कप आणला. मित्र गेला त्या वर्षी, त्याच स्पर्धेत. आणि तरीही युव्हेंटसनं त्यांना जाऊ दिलं, कारण नव्या व्यवस्थापनाला नव्या पद्धतीचा आकर्षक खेळ हवा होता. पुढच्या हंगामात युव्हेंटस सातव्या स्थानावर घसरला. झॉफ तोवर लाझिओला गेले होते.

मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. त्यांचे संघ सावध खेळत. २००० च्या युरो स्पर्धेत ते इटलीचे प्रशिक्षक होते. हॉलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ३४ व्या मिनिटाला इटलीच्या झाम्ब्रोत्ताला लाल कार्ड मिळालं, त्यानंतर इटली जवळजवळ दीड तास फक्त बचाव करत होती. ज्यांना सुंदर खेळ पाहायचा होता त्यांना कंटाळा आला असेल. मला विचाराल तर इतका चांगला सामना मी पाहिलेला नाही! पहिल्या पसंतीचा गोलकीपर बुफोनचा हात स्पर्धेच्या तोंडावर मोडला, म्हणून टोल्डो गोलमध्ये आला. त्यानं सामन्यात एक आणि नंतरच्या शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. ऐन वेळी उभा केलेला गोलकीपर असा खेळतो, तेव्हा राखीव म्हणून बसणं काय असतं हे जाणणारा प्रशिक्षक बाकावर असल्याचा काहीच संबंध नसेल? १९७० च्या विश्वचषकात झॉफ स्वतः राखीव म्हणून बसले होते.

फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री होता. ९४ व्या मिनिटापर्यंत इटली १-० नं जिंकत होती. विल्टोर्डचा चेंडू टोल्डोच्या हाताखालून गेला, जादा वेळेत त्रेझेगेनं गोल्डन गोल, म्हणजे मारताच सामना संपवणारा गोल, मारला, तेव्हा दीड वाजून गेला होता. मी टीव्ही बंद केला पण झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी इटलीतले राजकीय नेते आणि मिलान क्लबचे मालक बर्लुस्कोनी यांनी फ्रान्सच्या झिदानवर एक खेळाडू चिकटवून का ठेवला नाही, म्हणून झॉफना जाहीरपणे नावं ठेवली. झॉफ यांनी भांडण वाढवलं नाही. एका माणसाचं काम असं जाहीर तुडवणं बरोबर नाही, एवढं सांगून राजीनामा दिला. देशाला युरोपच्या अंतिम सामन्यात नेऊन दोनच दिवस झाले होते. पुढे २००५ मध्ये त्यांनी फिओरेंटिनाला श्रेणी घसरण्यापासून वाचवलं आणि बाक सोडला.

गोलकीपर खेळापासून लांब असतो हे खरं नाही. सगळं मैदान तोंडासमोर असतं ते त्याच्या एकट्याच्या. बचावफळीतलं भगदाड त्याला आधी दिसतं आणि तो सतत ओरडून माणसं हलवत असतो. फ्रान्सच्या मार्से क्लबला १९९३ मध्ये युरोपियन चषक जिंकून देणारे रेमों गुताल्स गोलकीपर होते. स्पेनच्या सेव्हिया क्लबला २०२० मध्ये युरोपा लीग जिंकून देणारे लोपेतेगी गोलकीपरच.

हे एवढं लिहिण्याचं कारण माझ्या मैदानावर आहे. बावीस मुलं येतात, पण गोलमध्ये आपणहून कुणी उभं राहत नाही. जो जाडा किंवा हळू, त्याला बाकीचे तिथं ढकलतात. मागच्या महिन्यात एका मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, ह्याला पुढं खेळवा की, गोलकीपर होऊन पुढं काय?" पोरगा चांगला आहे. हात मऊ आहेत, क्रॉसला न घाबरता बाहेर येतो. त्याच्या वडिलांना मी झॉफ यांच्याबद्दल सांगितलं, पण नुसत्या माझ्या सांगण्याला कितीसं वजन येणार?

आपल्या पानावर गोलकीपरवर एक सविस्तर लेख यावा, ही विनंती. झॉफ यांच्यापासून सुरुवात करा. आणि आपल्या शेजारच्या गोव्यातले ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्यांनी भारताचं नेतृत्व केलं, ज्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची मुलाखत घेता आली तर फार बरं होईल. ते कात्रण मी त्या मुलाच्या वडिलांना नेऊन देईन.

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर