रजोनिवृत्ती आणि टक्क्यांचं गणित

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रजोनिवृत्तीवर पानभर लेख आला. या विषयाला एवढी जागा मिळाली म्हणून बरं वाटलं, पण वाचून झाल्यावर राहवेना. या टप्प्याचं हसतमुखाने स्वागत करा, छंद जोपासा, दीर्घ श्वास घ्या, मन प्रसन्न ठेवा, हे सगळं त्यात आहे. उपचारांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय: हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा त्या टाळलेल्या बऱ्या. मी नववी-दहावीला गणित शिकवते. टक्के दिसले की कशाचे, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हा आकडा २००२ च्या जुलैमधला आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातून तो आला. सोळा हजारांवर बायका त्यात होत्या. निम्म्याजणींना इस्ट्रोजेन (पाळी जाताना शरीरात घटतं ते हार्मोन) आणि प्रोजेस्टिन (त्याच्या जोडीला देतात ते दुसरं हार्मोन) यांची एकत्र गोळी दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. औषध नसलेल्या गटात दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी जास्त. त्या आठ जणींना मी कमी लेखत नाही. पण ‘२६ टक्के’ वाचणाऱ्या बाईला वाटतं की शंभरातल्या सव्वीसजणींना होणार, आणि ती डॉक्टरांच्या दारापर्यंतही जात नाही.

मी हे उदाहरण विषय न सांगता वर्गात घातलं. ३० चे ३८ झाले, वाढ किती टक्के? फळ्यावर २६.६७ आलं. (अभ्यासातली पद्धत याहून किचकट असते, म्हणून तिथे २६.) मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “पण बाई, हे तीस कितीतले?” पुरवणीचं पान तपासायला या मुलाला बसवायला हवं.

त्याच अभ्यासात दहा हजारांमागे पक्षाघाताच्या आठ केसेस जास्त निघाल्या, फुप्फुसात गुठळी जाण्याच्याही आठ जास्त, हृदयविकाराच्या सात जास्त. मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाजणींना कमी झाला आणि खुब्याचं हाड पाचजणींचं कमी मोडलं. हेही सांगायला हवं की या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. गोळीने हृदयविकारासारखे आजार टळतात का, हे तिथे बघायचं होतं. घामाने झोप उडालेल्या पन्नाशीच्या बाईसाठी तो अभ्यास मांडलेलाच नव्हता. पुढे हेच आकडे वयानुसार वेगळे काढून पाहिले गेले. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला त्रास होत असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं, असं आता तज्ज्ञ म्हणतात. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जातं. त्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. यातलं काहीच लेखात नाही.

मी हार्मोनची वकिली करतेय असं वाटायला नको. मला स्वतःला त्या गोळ्या मिळाल्या नाहीत. बाळंतपणानंतर माझ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, त्यामुळे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं. ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा पक्षाघात होऊन गेलाय, यकृताचा आजार आहे, त्यांनाही सहसा देत नाहीत. टाळायचं कोणी आणि का, हे कळलं तर उरलेल्याजणी उगाच घाबरणार नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

‘अंगातून वाफा निघतात’ म्हणजे काय होतं तेही लिहिते, कारण लेखात ‘उष्णतेची भावना’ असं काहीतरी गुळमुळीत होतं. मी फळ्यापाशी उभी असते. छातीच्या मध्यावर काहीतरी कढत पसरतं, मानेवरून कानांपर्यंत चढतं, मग केसांच्या मुळांतून घाम फुटतो. हातातला खडू ओला होतो आणि उमटेनासा होतो. समीकरणाची डावी बाजू लिहून झालेली असते, उजवी काय होती ते आठवत नाही. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरतं आणि ओल्या ब्लाउजमध्ये हुडहुडी भरते. मेंदूतलं शरीराचं तापमान राखणारं केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर फार हळवं होतं; जरासा फरक पडला तरी अंग तापलंय असं समजून ते घाम सोडतं. मन प्रसन्न असलं काय आणि नसलं काय, त्याला फरक पडत नाही. रात्री हेच अंथरुणात होतं, वर छातीत धडधड. माझा ईसीजी झाला, थायरॉइड तपासलं (तेही अशीच सोंगं करतं, म्हणून तपासलेलं बरं), सगळं ठीक निघालं.

मग डॉक्टरांनी मला नैराश्यावर देतात त्यातली एक गोळी कमी मात्रेत सुरू केली. ती या वाफांवरही चालते. घरात कोणीतरी चिठ्ठी वाचली आणि कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी जवळ बसवून विचारलं, “कोणी काही बोललं का तुला?” मी म्हटलं, “कोणी नाही, माझी अंडाशयं संपावर गेलीत.” वाफा पूर्ण गेल्या नाहीत, निम्म्यावर आल्या. पण सलग झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी समीकरणाची उजवी बाजू आठवते.

याहून अवघड दुखणं लघवीच्या जळजळीचं होतं. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स व्हायचा. कित्येकदा तपासणीत जंतूच सापडत नसत, तरी कोर्स होताच. शेवटी एका डॉक्टरबाईंनी टेबलावर घेऊन नीट तपासलं. इस्ट्रोजेनवाचून योनीचं आणि मूत्रमार्गाच्या तोंडाचं अस्तर पातळ, कोरडं पडलं होतं. त्यांनी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. ते रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून गुठळीचा इतिहास असूनही मला चाललं. जळजळ गेली, आणि ज्याबद्दल मी नवऱ्याशीही धड बोलत नव्हते ते दुखणंही गेलं. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत विरतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार न केल्यास वाढत जातो. किती बायका ‘वय झालं’ म्हणून तो अंगावर काढत असतील! तुमच्या पानभर लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरं जे नाही, त्याबद्दल मला जास्त राग आहे. माझ्या थोरल्या जावेची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. एक दिवस कपड्यावर डाग दिसला. उष्णतेने झालं असेल, असं तिनेच ठरवलं. काही महिन्यांनी पुन्हा डाग, पुन्हा तेच. बोलली ती निव्वळ योगायोगाने, माझ्या तपासण्यांच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हा. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं, तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. सुरुवातीचा होता, शस्त्रक्रियेवर निभावलं, आता ती ठणठणीत आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरकडे जायचं. दहातल्या साधारण नऊजणींच्या बाबतीत गंभीर काही नसतं. दहावी आपण नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पाळी जायच्या आधी अनियमितपणा येतोच, पण अंगावरून फार जात असेल, तर तेही ‘चालायचंच’ म्हणून सोडू नये. रक्त कमी होऊन जिना चढताना धाप लागलेल्या बाया मी आमच्याच शिक्षकखोलीत पाहिल्यात.

लेखाच्या खालीच याच त्रासावरच्या एका कॅप्सूलची मोठी जाहिरात होती. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तितज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये बिनहार्मोनच्या उपायांची छाननी केली. वाफांसाठी पूरक गोळ्यांची शिफारस करता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. दीर्घ श्वसनही त्याच यादीत होतं. शिफारस झालेल्यांत माझ्या गोळीच्या जातीची औषधं आहेत आणि विचार-वर्तनावरची समुपदेशनाची एक पद्धतही आहे. व्यायाम हाडांसाठी जरूर करावा, पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने विरळ होतात. त्याने वाफा जातील ही आशा तेवढी धरू नये.

१८ ऑक्टोबरला जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. त्या सुमारास आपल्याकडे पुन्हा लेख येईलच. तेव्हा टक्क्यांच्या शेजारी दहा हजारांमागचा आकडा छापा, आणि पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाबद्दलचं वाक्य ठळक चौकटीत टाका. छंदांना जागा उरली नाही तरी चालेल.

आपली,
एक वाचक (गणिताची शिक्षिका)