हिरोशिमाहून आई-बाबांना

हिरोशिमा,
६ नोव्हेंबर २०१६

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत फोनवर मी जे सांगितले ते बाबांना पटलेले नाही, हे त्यांच्या "बरं, बघू" वरूनच माझ्या लक्षात आले. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितो आहे. चाकणच्या नोकरीला मी होकार कळवला आहे आणि मार्चअखेर कायमचा परत येतो आहे. पगार कमी होईल, बराच कमी होईल. मात्र इथली नोकरी गेली, वरिष्ठांशी बिनसले किंवा तब्येत बिघडली, असले काहीही झालेले नाही. आई, तू उगाच सत्यनारायण बोलू नकोस.

बाबा, माझे म्हणणे तुम्हाला हिरोकी कुरोदाच्या निमित्ताने अधिक लवकर कळेल. हा इथल्या कार्प संघाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, वय ४१. कार्पने २५ वर्षांनी सेंट्रल लीग, म्हणजे जपानच्या दोन मोठ्या बेसबॉल स्पर्धांपैकी एक, जिंकली म्हणून काल शहरात मिरवणूक निघाली आणि नंतर मैदानावर त्याचा निरोप झाला. सगळे आटोपल्यावर तो एकटाच, पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मधल्या उंचवट्यापाशी गेला, गुडघा टेकून बसला आणि मान खाली घालून रडला. मी खालच्या ओकोनोमियाकीच्या (इथले जाड धिरडे) दुकानात टीव्हीवर ते पाहत होतो. मालकीणबाई उलथणे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि तव्यावरचे माझे जेवण करपले, पण कोणी काही बोलले नाही.

कारखान्याच्या संघात असताना तुम्ही म्हणायचात की वेग देवाघरून येतो, टप्पा मात्र घटवावा लागतो. त्या हिशेबाने कुरोदा तुमच्याच पंथाचा. बेसबॉलमध्ये चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की फलंदाजाला फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, द्यावा लागतो. २०१४ साली न्यूयॉर्क यांकीजकडून तो १९९ इनिंग (तिथे तीन गडी बाद झाले की एक इनिंग) खेळला आणि वयाच्या ३९ व्या वर्षी, अख्ख्या हंगामात, ही खैरात त्याने फक्त ३५ वेळा केली. त्याचा एक चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या कमरेच्या रोखाने निघतो. फलंदाज अंग चोरून मागे सरतो आणि चेंडू ऐनवेळी वळून चौकटीच्या आतल्या कडेवर येतो. पेठेच्या मैदानावर जोशीकाकांचे जे व्हायचे, अगदी तेच.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. २००६ साली त्याला दुसऱ्या संघात जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा प्रेक्षकांनी जुन्या स्टेडियममध्ये भलामोठा फलक लावला की तुझ्या डोळ्यांत पाणी आले तर ते पाणी आम्ही होऊ. आणि तो थांबला. पुढे २००८ मध्ये अमेरिकेला गेला खरा, परंतु लॉस एंजेलिस डॉजर्स चार वर्षांचा करार देत असताना त्याने तीनच वर्षांचा मागितला, कारण अंगात ताकद असेपर्यंत हिरोशिमाला परतायचे त्याच्या मनात होते. असे तर परदेशी निघालेला प्रत्येक जण विमानतळावर म्हणतो; मीही म्हणालो होतो. त्याने ते केले. २०१४ च्या अखेरीस १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपासचा देकार असल्याचे छापून येत होते, आणि हा पाचव्या हिश्श्याहूनही कमी पैशांत, सुमारे ४० कोटी येनांवर, परत आला. आल्यावर नुसता मिरवला नाही, दोन हंगामांत २१ सामने जिंकून दिले. (संत वगैरे नाही हं. गेल्या वर्षी हान्शिन या दुसऱ्या संघाच्या एका पोरसवदा पिचरने दोनदा अंगावर चेंडू टाकला, तेव्हा हा त्याच्यावर असा खवळला की सगळे खेळाडू मैदानात धावले.)

गेल्या महिन्यात साप्पोरोला शेवटच्या सामन्यात त्याचे पाय आखडले. आत जाऊन तो परत आला, दोन-तीन चेंडू टाकून पाहिले आणि जमत नाही असे दिसताच निमूटपणे निघून गेला. त्याचे वडीलही व्यावसायिक खेळाडू होते; हा अमेरिकेला जाण्याच्या आदल्या वर्षीच ते वारले, आई तर त्याआधीच. हे मी का लिहिले ते तुम्ही ओळखाल, म्हणून पुढे लिहीत नाही. तुम्ही दोघे ठणठणीत आहात आणि राहणार आहात. मला फक्त माझ्या अंगात जोर असताना, सुट्टीवर आलेल्या पाहुण्यासारखे नव्हे, घरी राहायचे आहे आणि आईच्या हातचा मऊ भात, मेतकूट पाटावर बसून खायचे आहे.

पैशांची काळजी करू नका. फ्लॅटचे कर्ज फिटले आहे, खालच्या खोलीत कमोड आणि धरायला दांडा मार्चच्या आत बसेल, आणि सांगलीला दर शनिवारी येणे मला सहज जमेल. तोवर बाबांनी गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर पाऊल ठेवायचे नाही, प्लंबरला बोलवायचे. आईने रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर म्हणजे नाश्त्यानंतरच घ्यायची, पूजा लांबली तरी. गुडघ्याची शस्त्रक्रिया मी आल्यावर. तारीख परस्पर ठरवू नका.

आणि चाकणच्या पगाराचा आकडा सुधाआत्याला इतक्यात सांगू नका. तिला मीच येऊन सांगेन.

तुमचा,
नंदू